प्राक्प्रसिद्ध झालेल्या चाली

चैत्र शुद्ध प्रतिपदेस घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, की श्रीरामाच्या नवरात्रास आरंभ होतो. देवळातून रामायणाची पोथी लागते, सायंकाळी कीर्तनाची बैठक बसते आणि नवमीच्या माध्यान्ही सूर्य डोक्यावर आला असता पाळण्याची दोरी हलते व सुंठवडा वाटला जातो. या सोहळ्यात कथा तीच, शब्द पुष्कळसे तेच, आणि देव तर तोच तो. रामकथा जुनी होत नाही असे आपण नेहमी म्हणतो व ते खरेच आहे. परंतु ती ज्या चालीत गाइली जाते ती चाल मात्र जुनी होते, आणि तिच्याबरोबर ती गाणारा माणूसही एके दिवशी जुना होऊन बसतो. चाळीसांहून अधिक वर्षे कीर्तनास उभे राहिल्यानंतर आम्हांस हे कसे उमगले, ते या पर्वाच्या निमित्ताने भाविक वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

प्रथम थोडा पूर्वरंग. तेराव्या शतकात देवगिरीस यादवराजा सिंघण राज्य करीत असता त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचा आजा काश्मीर सोडून दक्षिणेत आला होता. शार्ङ्गदेव स्वतः राजाच्या हिशेबखात्यावरचा मोठा अधिकारी. पण नाव राहिले ते हिशेबाने नव्हे, ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाने. या ग्रंथात रागांची मोजदाद २६४ पर्यंत गेली आहे. हिशेबी माणूस असल्यामुळे त्याने खाती नीट पाडली, आणि त्यात देशी रागांची दोन खाती अशी केली की, एक ‘प्राक्प्रसिद्ध’ आणि दुसरे ‘अधुनाप्रसिद्ध’. पूर्वी ज्यांची प्रसिद्धी होती ते एकीकडे, सांप्रत ज्यांची आहे ते दुसरीकडे. विद्यार्थिदशेत आम्ही हा भाग वाचला तेव्हा ती आम्हांस केवळ वर्गवारी वाटली. आता साठी उलटल्यावर तेच पान उघडले, की देवगिरीच्या दरबारातील एखादा वृद्ध गवई डोळ्यांपुढे येतो. आपला आवडता राग राजपंडिताने कोणत्या खात्यावर मांडला, हे त्याने कोणाकडून तरी ऐकले असेल, आणि घरी जाऊन वीणा खुंटीस लावून ठेवली असेल. हा आमचा कल्पनाविलास झाला. परंतु खाती शार्ङ्गदेवाचीच आहेत. आणि गंमत अशी की, त्याने ज्यांना अधुनाप्रसिद्ध म्हटले ते राग तरी त्या काळी नेमके कसे गात, हे आज छातीठोकपणे कोण सांगेल?

त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, जयदेव कवीने ‘गीतगोविंद’ रचले. त्यातील अष्टपदींच्या माथ्यावर मालव, गुर्जरी, वसंत, देशवराडी अशी रागांची नावे आहेत. अष्टपदी जगन्नाथपुरीस गाइली जाते, केरळातील मंदिरांच्या पायऱ्यांशी उभे राहून सोपानगायकही ती गातात. शब्द तेच, पण चाल या प्रांताची त्या प्रांतास ओळखू येऊ नये इतकी निराळी. जयदेवाच्या तोंडची चाल कोणाजवळच नाही. आणि परप्रांताचे कशास? नामदेवरायांचे अभंग आपण रोज म्हणतो. वाळवंटात उभे राहून नामदेवराय ते कोणत्या चालीत म्हणत, ते सांगणारा आज कोणी नाही. शब्दाचे पाणी रांजणात राहिले; चालीचे पाणी वाहून गेले.

नव्याचा पक्ष घेणारे तरुण कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभी सांगितलेला विचार आम्हांस ऐकवितात, की जुने म्हणून सारे चांगले नसते व नवे म्हणून ते वाईट नसते, जाणत्याने पारखून घ्यावे. विचार यथार्थ आहे. पण कालिदास काव्याविषयी बोलत होता. काव्य पानावर राहून परीक्षकाची वाट पाहू शकते, शंभर वर्षांनीही कोणी जाणता येऊन ते पारखू शकतो. चालीस ही सवड नसते. तिचा परीक्षक ती गाइली जात असताना समोर बसलेला असावा लागतो.

आता कीर्तनाकडे वळू. नारदीय कीर्तनात चालीचे काम काय, हे ज्यांच्या घरी कीर्तनाची परंपरा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नमन झाले, पूर्वरंगाचा अभंग झाला, निरूपण झाले, मध्यंतरीचे भजन होऊन बुवांस हार घातला, श्रोत्यांस बुक्का लागला, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झाले, म्हणजे आर्या, साकी, दिंडी, कटाव, पद अशी एकामागून एक रचना येत राहते. मोरोपंतांची आर्या म्हणावयाची असते. ती ज्याची त्याने आपल्या वळणाने म्हणावी, तिला विशिष्ट कर्त्याची चाल नाही, म्हणून तीस जुने-नवेपणाही फारसा नाही. पद मात्र गावयाचे असते. बुवा पद उचलतात, पहिली ओळ होते, आणि ध्रुवपदास सभा साथीला येते की नाही, यावर त्या दिवशीच्या रंगाची परीक्षा होते. सभा साथीला यावी म्हणून चाल ओळखीची हवी. एवढ्याचसाठी कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या काळी लोकांच्या ओठांवर असलेली चाल उचलीत आले व तिच्यावर रामाचे, कृष्णाचे शब्द बसवीत आले. चाल ही अशी जगाकडून तासाभरासाठी मागून आणलेली वस्तू. जग पुढे गेले म्हणजे ती वस्तू कीर्तनकाराच्या हाती राहते आणि तिचा मूळ मालक कोण, हेही लोक विसरतात.

आमच्याजवळ गुरुपरंपरेने आलेले आख्यानांचे एक बाड आहे. त्यात तीन हातांची अक्षरे आहेत. पहिली पाने आमच्या गुरुजींच्या गुरूंची, मोडीचे वळण लागलेल्या देवनागरीत. मधली गुरुजींची, टाकाने लिहिलेली. शेवटची आमची, बॉलपेनची. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द घालून पुढे ज्या गाण्याप्रमाणे ते म्हणावयाचे त्याचे नाव आहे. पहिल्या पानांवर जी नावे आहेत त्यांतील बहुतेक गाणी आज कोणासच येत नाहीत. अमृतरायांच्या कटावांची लय तेवढी तोंडोतोंडी टिकली आहे. बाकीच्या पदांचे कुलूप शाबूत आहे, किल्ली गेली.

मधल्या पानांवर रंगभूमी आहे. इथे एक मौजेचा इतिहास आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. साकी, दिंडी, कामदा ही कीर्तनकारांच्या रोजच्या व्यवहारातली वृत्ते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा हीच वृत्ते त्यांनी नाटकात नेली. देवळातले धन नाटकगृहात गेले म्हणून त्या वेळी कोणी कपाळास आठ्या घातल्या असतील. पुढे १९११ साली ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचे वळण आणले, १९१६ साली ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या, आणि बालगंधर्वांच्या कंठातून त्या चाली महाराष्ट्राच्या माजघरापर्यंत गेल्या. मग नाटकाने कीर्तनाचे ऋण फेडले. रुक्मिणीचे पद गाणारी चाल सीतेच्या मुखी आली. गुरुजी सांगत की, त्यांनी तरुणपणी प्रथम ‘स्वयंवरा’तील चालीवर जानकीचे पद म्हटले तेव्हा त्यांच्या गुरूंनी कीर्तन संपल्यावर उपरणे झटकले आणि एवढेच विचारले, “आज देवळात पडदा कोठे बांधला होता?”

शेवटची पाने आमची. आमचा जन्म १९६० चा. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५५ च्या रामनवमीस, म्हणजे १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसृत झाले होते आणि पुढे वर्षभर माडगूळकरांची ५६ गीते फडक्यांच्या चालीत लोकांनी ऐकली होती. आम्ही ते मागाहून ऐकले, पण घरात ते इतके मुरले होते की, आम्हांस ते वाल्मीकींइतकेच प्राचीन वाटे. आमच्या स्वतःच्या तारुण्यातले नवे निराळे होते. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींत भीमसेन जोशी यांनी गाइलेले अभंग नवे होते. जितेंद्र अभिषेकी यांचे नाट्यसंगीत नवे होते. ‘मत्स्यगंधा’ १९६४ चे, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चे, आणि आमच्या महाविद्यालयीन दिवसांतही ज्येष्ठ मंडळी ‘हे काही गंधर्वांचे नव्हे’ म्हणून मान हलवीत असत. (अभिषेकीबुवांचे वडील मंगेशीचे कीर्तनकार होते, हे त्या मंडळींस ठाऊक असते तर त्यांनी मान थोडी कमी हलविली असती.) चित्रपटातले भक्तिगीतही आम्हांस वर्ज्य नव्हते. १९७० साली ‘झाला महार पंढरीनाथ’ हा चित्रपट आला. त्यातील विठ्ठलाच्या गाण्याची सुधीर फडके यांची चाल, जी त्यांनी वसंतराव देशपांडे यांच्यासह गाइली, ती आम्ही काही वर्षांनी गुहकाच्या आख्यानातील एका पदास लावली. नावाडी रामरायास पलीकडे नेतो, त्या प्रसंगी ती चाल अशी काही बसली की, नाव हलल्याचा भास व्हावा.

गुरुजींनी बाडातील ते पान पाहिले. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “बाळ, पडद्यावरची चाल देवापुढे आणतोस, आण. पण देवळात येताना आपण पाय धुतो, तशी तीही धुऊन आण.” मधले वाद्यांचे तुकडे टाकून द्यावेत, लय एक पायरी खाली घ्यावी, आणि ओळीच्या मध्ये अर्थ सांगावयास थांबता येईल एवढी जागा ठेवावी, असा त्याचा अर्थ. आम्ही तसे केले. १९८० सालापासून ते पद आमच्या कीर्तनात आहे. पहिली ओळ उचलली, की समोरच्या चेहऱ्यांवर ओळखीचे स्मित पसरे. तरुण मंडळी एकमेकांकडे पाहत. मागच्या रांगेतला एखादा पोर हाताने ठेका धरी. ‘बुवा आपल्यातलेच आहेत’ असे त्यांस वाटे. हे स्मित म्हणजे आमची दक्षिणा होती म्हटले तरी चालेल.

पाच-सहा वर्षांपूर्वी याच नवरात्रात, याच पदानंतर, कीर्तन आटोपल्यावर एक तरुण नमस्कारास आला. चांगला शिकलेला, नम्र, डोळ्यांत जिज्ञासा. म्हणाला, “बुवा, ती नावेची चाल फार सुंदर. ही पूर्वापार पारंपरिक चाल का? पेशवाईतली असेल ना?” आम्ही हसून त्यास खरे काय ते सांगितले. तोही हसला. परंतु घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर आम्हांस झोप आली नाही. ज्या चालीमुळे आम्ही एके काळी नव्या वाऱ्याचे ठरलो, तीच चाल आता आमच्या पागोट्यासारखी झाली होती. केस पांढरे झाले तेव्हा काही वाटले नव्हते. शास्त्रात चार आश्रम सांगितले आहेत, केस काळेच राहणार अशी अपेक्षा कोणी धरावी? पेटीवरची आमची पट्टी काळी दोनवरून काळी एकवर आली, आता थंडीच्या दिवसांत पांढरी एकवरही येते. तेही आम्ही निमूट मान्य केले. वय झाल्याचे आम्हांस गुडघ्यांनी सांगितले नाही की दातांनी सांगितले नाही. त्या तरुणाने, आणि तेही स्तुती करीत, सांगितले.

त्या रात्रीपासून आम्ही या गोष्टीचा विचार करू लागलो. एक निरीक्षण असे की, सगळ्या चाली सारख्या वेगाने जुन्या होत नाहीत. गणपतीची आरती घ्या. तिची चाल कोणाची, ती कधी बसविली, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही; पाच वर्षांचे मूल आणि ऐंशी वर्षांच्या आजी ती एकाच टाळीवर म्हणतात. वारकरी मंडळींच्या काकड्याच्या चाली, हरिपाठाच्या चाली, यांसही कोणी जुन्या झाल्या म्हणत नाही. आमच्या पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात रामनाम आधार आश्रम स्थापन केला. तेही कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचेच पुत्र. त्यांच्या नावे ओळखली जाणारी रामधून १९३० च्या दांडीयात्रेत दुमदुमली आणि आज शाळेतली मुले ती म्हणतात. तिला शतक होत आले हे त्यांच्या गावीही नसते. याउलट १९८० नंतर ध्वनिफितींवर घरोघर पोहोचलेली कितीतरी भक्तिगीते अशी आहेत की, आज लावली तर घरातली मुले दोन स्वरांत त्यांचे दशक सांगतात. म्हणजे जी चाल लोक स्वतः गातात तिचे वय मोजले जात नाही. जी ते नुसती ऐकतात तिची जन्मतारीख तिच्या कपाळावर राहते.

यास कारण आहे. ध्वनिमुद्रण आपल्या देशात १९०२ साली आले. त्यापूर्वी चाल तोंडातून तोंडात जाई, आणि जाताना थोडी थोडी बदले. आजोबांची चाल नातवाच्या तोंडी गेली म्हणजे ती नातवाच्या वयाची होई. आजोबांची मूळची कशी होती हे तपासून पाहण्यास काही साधनच नव्हते. तबकडी आली आणि चाल जिथल्या तिथे उभी राहिली. तीच पेटी, तोच आवाज, तेच मागचे ऑर्गन नि मँडोलिन. पुढे सिंथेसायझर आला, ऑक्टोपॅड आला. आमचा तर असा अनुभव आहे की, चाल तितकी जुनी होत नाही. तिच्या भोवतीचा वाद्यांचा पोशाख जुना होतो. तीच चाल एक पेटी, तबला आणि चिपळ्या यांवर म्हणा, तिचे निम्मे वय गळून पडते. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ चालू असताना रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. रवींद्र जैन यांचे संगीत घराघरातून एकाच वेळी ऐकू येई. तेच ‘रामायण’ २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखविले. आमच्या घरातील मुले ते भक्तीने पाहत होती, डोळे पुसत होती, पण मध्येच म्हणत, “आजोबा, हे तुमच्या वेळचे म्युझिक ना?” आमच्या वेळचे! आम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे होतो आणि गुरुजी त्यास ‘आजकालचे’ म्हणत.

जुन्या चाली परत येतात, असे कोणी म्हणेल. येतात, परंतु परत येताना त्या आपल्या हाती राहत नाहीत. ‘कट्यार’ २०१५ साली चित्रपट होऊन आले आणि आज पंचविशीतली मुले ती पदे त्या चित्रपटातली म्हणून ओळखतात. आनंदच आहे. १९६७ सालच्या रंगमंचाचे स्मरण आम्ही त्यांस करून द्यावयास गेलो, तर ती आदराने ऐकून घेतात, जशी आम्ही गुरुजींकडून बालगंधर्वांची आठवण ऐकून घेत असू.

खरा प्रश्न याहून थोडा खोल आहे. आमच्या देवळात समोरच्या तिसऱ्या खांबाशी एक आजी बसत. कधी बोलत नसत, पण आम्ही पद उचलले, की पुढची ओळ त्यांच्या ओठांवर आमच्या आधी येई. आम्ही जी चाल घेतली तिचे मूळ गाणे, ते कोठे ऐकले, तेव्हा अंगणात कोण कोण होते, हे सारे त्यांस ठाऊक असावे असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसे. चार वर्षांमागे त्या गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या नवमीस आम्ही सवयीने त्या खांबाकडे पाहून पद उचलले, आणि ओळ आमच्या एकट्याच्याच गळ्यातून निघाली. पेटीवाला उत्तम वाजवीत होता, सभा शांतपणे ऐकत होती, कित्येकांनी भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण चालविले होते. शांतता आदराची होती. परंतु कीर्तनकारास आदराची शांतता नको असते. त्यास ध्रुवपद हवे असते. चाल ओळखणारा एक माणूस जगातून गेला, की ती चाल गाणाऱ्याचे वय एका दिवसात दहा वर्षांनी वाढते, हे आम्हांस त्या दुपारी कळले. आणि नवमीच्या पाळण्याच्या वेळी तर हे फारच जाणवते. आमच्या तरुणपणी आम्ही पाळण्याची पहिली ओळ म्हणून गप्प बसत असू. पुढची सर्व कडवी बायका म्हणत. अलीकडे आम्हांसच ती शेवटपर्यंत म्हणावी लागतात. पाळण्याची दोरी हाती घेतलेल्या तिशीतल्या लेकी-सुना भक्तीत कोठे उण्या नाहीत. त्यांस ती चाल कोणी दिलीच नाही. त्यांच्या आयांनी ती तबकडीवर ऐकली होती.

आमच्याकडे सध्या एक तरुण शिकत आहे. वय तेवीस, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला; पेटी चांगली, संस्कृत उच्चार स्वच्छ, आर्या म्हणताना यती चुकत नाही. मागच्या महिन्यात त्याने ते बाड चाळावयास घेतले. आमच्या हातच्या पानांवरील ‘चाल’ वाचून तो म्हणाला, “बुवा, ही गाणी मला एकही माहीत नाहीत.” मग त्याने खिशातून भ्रमणध्वनी काढला आणि अर्ध्या मिनिटात नावेच्या पदाचे मूळ गाणे शोधून आमच्या ओसरीवर वाजविले. आम्ही ते कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. फडके, वसंतराव, दोघांचेही आवाज तसेच टवटवीत. गाणे संपल्यावर शिष्य संकोचून म्हणाला, “बुवा, तुम्ही म्हणता ती चाल बरीच वेगळी आहे.” खरेच होते. चाळीस वर्षे देवापुढे म्हणता म्हणता ती चाल अंतऱ्यात उतरली होती, एका जागी थांबू लागली होती, गुहकाच्या बोलण्याप्रमाणे अडखळू लागली होती. मूळ चाल १९७० सालची राहिली. आमची आमच्याबरोबर चालत येथवर आली. हे ऐकून आम्हांस त्या रात्री मात्र झोप लागली.

शिष्याने आता आमच्या पानांपुढे स्वतःची पाने जोडली आहेत. तो लिहीत नाही, भ्रमणध्वनीत टिपतो. पण त्यातही प्रत्येक पदावर ‘चाल’ हा शब्द आहे, आणि पुढे जी नावे आहेत ती आमच्या ओळखीची नाहीत. त्याचे म्हणणे असे की, यंदाचा पाळणा तिशीतल्या बायकांना येणाऱ्या चालीत म्हणावा, म्हणजे त्या आपण होऊन उचलतील. शब्द आपल्याच बाडातले, चाल त्यांची. आम्ही दोन दिवस उत्तर दिले नाही. नव्या चालींबद्दल आमची मते आम्ही लपवीत नाही: त्यांतील कित्येकींत शब्दापेक्षा ठेका मोठा असतो, आणि रामनाम ठेक्याखाली दबते. परंतु जे बायकांच्या ओठांवर नाही ते पाळण्यात काय कामाचे, हाही प्रश्न खोटा नव्हता.

एका बाबतीत मात्र आम्ही ठाम राहिलो. उत्सवाच्या व्यवस्थेतील कोणा उत्साही मंडळींनी सुचविले होते की, आता मागे वाजणारे संगीत तयार मिळते, ते ध्वनिक्षेपकावर लावावे, म्हणजे वादकांचा खर्चही वाचेल. यास आम्ही नकार दिला. तयार संगीत थांबत नाही. कीर्तनात एका ओळीवर श्रोत्याच्या डोळ्यात पाणी आले तर बुवांनी तिथेच थांबावयाचे असते, ती ओळ चार वेळा घोळावयाची असते; तबलजी तोवर बोटांवर ठेका सांभाळून बसतो. यंत्र पुढे निघून जाते. नवी चाल पाय धुऊन देवळात येऊ शकेल, पण तीस बसावयास यावे लागेल. शिष्यास हे पटले, इतकेच नव्हे तर व्यवस्थेतील मंडळींस त्यानेच ते समजावून सांगितले.

तेव्हा यंदा असे ठरले आहे. अष्टमीच्या सायंकाळी गुहकाचे आख्यान आम्ही करणार. नावेची चाल आमचीच राहील, ज्यांस ती पेशवाईतली वाटेल त्यांस वाटो. नवमीस जन्मकथेचे निरूपण आमचे, आणि माध्यान्हीचा पाळणा शिष्य उचलणार. त्या वेळी आम्ही मागे उभे राहून झांज धरणार आहोत. आमच्या गुरुजींच्या मागे आम्ही पंधरा वर्षे धरली तीच झांज. चाल त्याने आम्हांस ओसरीवर दोनदा ऐकविली. तिसऱ्यांदा आम्ही साथीस बसलो. दुसऱ्या कडव्यात सम जरा चकवून येते, तिथे हात अजून थबकतो. नवमीस चार दिवस आहेत. शिष्य रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर येतो.